निळ्या दिव्याचं यंत्र आणि डास

डास मारायचं चार-पाचशे रुपयांचं निळ्या दिव्याचं यंत्र घरात चालतं का, असं विचारलंय म्हणून लिहितो. सांगलीत आम्ही कृष्णेकाठचे, त्यामुळे डासांना तोटा नाही. हॉलमध्ये लावलं. तडतड आवाज झकास येतो, पण सकाळी खालचा ट्रे काढून बघा: पाकोळ्या, चिलटं, गळलेले पंख. डास शोधावा लागतो. चावणारी मादी येते ती आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांच्या मागावर. दिव्याचं तिला फारसं कौतुक नाही. अमेरिकेत डेलावेअरमधल्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत अशा यंत्रांत मेलेले १३,७८९ कीटक निघाले, त्यांत रक्त पिणारे फक्त ३१! ते अंगणातले दिवे होते, हे खरं. घरात अंधार करून, खोली बंद ठेवून, आपण बाहेर बसलो तर थोडेफार सापडतात. पण मग झोपायचं कुठे? आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर दिवसाउजेडी चावतो. त्यापेक्षा खिडक्यांना जाळी मारा, कूलरचं आणि फ्रिजमागच्या ट्रेचं पाणी आठवड्याला ओता. डास मारायची हातातली विजेची बॅट मात्र पैसे वसूल करते. फक्त पोरांच्या हाती देऊ नका.