उत्तर: दिवाळीत कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवणं
वर ताईंनी विचारलंय, दिवाळीत दहा दिवस लॅब्रॅडॉरला बोर्डिंगमध्ये ठेवावं का. आमचा बडोद्याचा अनुभव सांगतो. मे महिन्यात लग्नासाठी पुण्याला जाताना आमच्या बीगलला शहराबाहेरच्या एका केनेलमध्ये सोडलं. रोज फोटो यायचे, सगळे एकाच कोपऱ्यातले! परत आणलं तर कानात गोचिडी, आणि चौथ्या दिवशी घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला. डॉक्टर म्हणाले, केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला. संसर्गानंतर साधारण २ ते १४ दिवसांत लक्षणं दिसतात, त्यामुळे नेमका कुठे लागला यावर भांडता येत नाही. मालकाने हात झटकलेच. याची लस मिळते, नाकातूनही देतात, पण निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. डॉक्टरांना दोन-तीन आठवडे आधीच गाठा. आणि रेबीजचं कार्डही न मागणाऱ्या केनेलच्या दारातूनच परत फिरा.

ट्रेनिंगचं म्हणाल तर ‘महिनाभर ठेवा, शिकवून देतो’वाल्यांपेक्षा घरी येणारा बरा. आमचे बीगल चिरंजीव ट्रेनरपुढे शिस्तीत बसायचे, आईपुढे मात्र पोळीचा तुकडा दिसल्याशिवाय ढिम्म. सध्या दांडिया बाजारातली मावशीच त्याला सांभाळते.