मदत हवी: पिकअप सीएनजी घेऊ की डिझेल? लवकर सांगा

मंडपवाला_पारोळा
जुनी गाडी काढून टाकली. लग्नसराईच्या आत नवीन पिकअप घ्यायची आहे. शोरूमवाला म्हणतो सीएनजी घ्या, खर्चात फरक पडेल. आमचा मेकॅनिक म्हणतो गॅसवर गाडी ओढत नाही. माझं तर ओढायचंच काम आहे. सोमवारी बुकिंगचे पैसे भरायचे आहेत. 'दोन्ही चांगल्या आहेत' असलं उत्तर नको.

तापीकाठ
ओढायचं म्हणजे? माल भरून न्यायचा की मागे काही जोडायचंय? रोज किती फिरणार? वाटेत घाट आहे का?

डिझेलभाऊ_सावदा
डिझेल घे, विषय संपला. आम्ही सावद्याहून बऱ्हाणपूरला केळी नेतो, गाडी कधी कुरकुरली नाही. माले ते डिझेलच पटस.

गॅसवर_खूश
इथे सगळ्यांना डिझेलचं वेड. माझी टाटाची सीएनजी पिकअप इंट्रा व्ही२० आहे, धरणगाव-जळगाव भाजीपाला. टनभर माल आरामात जातो. गॅस संपला तर पेट्रोलची टाकी आहेच, पंपापर्यंत पोचतो.

डिझेलभाऊ_सावदा
आणि पंपावर रांगेत किती वेळ उभे राहता, तेही सांगा. दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट, तेही सांगा.

गॅसवर_खूश
मग तुम्ही बीएस-६ डिझेलच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरचं सांगा. गावातल्या गावात फिरवली की काजळीने चोंदतो, दिवा लागतो. मग काजळी जाळायला रिकामी गाडी हायवेला पळवत बसा. मंडपवाल्याचं काम तसंच, चार किलोमीटर जा, दिवसभर उभी ठेवा.

मंडपवाला_पारोळा
भांडू नका. मागे ट्रॉली जोडायची आहे, जनरेटरची. गाडीत पाईप, कापड, खुर्च्या.

तापीकाठ
हे आधी सांगायला काय झालं होतं! जनरेटर केवढा, किती केव्हीए? ट्रॉलीसकट वजन? ट्रॉलीला ब्रेक?

मंडपवाला_पारोळा
साडेबासष्ट. वजन केलेलं नाही. ब्रेक कशाला? आजवर ट्रॅक्टरनेच ओढली. लग्नं पारोळा, अमळनेर, एरंडोलचीच, पण कन्नडच्याही ऑर्डरी असतात.

गॅरेज_एरंडोल
कन्नड म्हणजे वाटेत औट्रम घाट, चाळीसगावच्या पुढचा. मग नीट वाचा.

चढाला डिझेलच, त्यात वाद नाही. सीएनजी इंजिनात हवेची जागा खातो, म्हणून त्याच इंजिनाची ओढ पेट्रोलपेक्षाही कमी पडते. भरली गाडी, मागे ट्रॉली, चढावर थांबून पुन्हा उचलायची म्हटलं की क्लचचा वास केबिनमध्ये येतो. डिझेल कमी आरपीएमलाच जोर देतं.

पण माझी काळजी उताराची आहे. साडेबासष्टचा सायलेंट जनरेटर एकटाच दीड टनाच्या आसपास, ट्रॉली धरून दोन टनाला टेकेल. बिनब्रेकची ट्रॉली वळणावर गाडीला मागून ढकलते आणि गाडीचं बूड बाजूला सारते. ट्रॅक्टर रांगत जातो म्हणून आजवर निभावलं. ओव्हररन ब्रेकची दांडी बसवून घ्या, ट्रॉली पुढे रेटली की तिचा ब्रेक आपोआप लागतो. हूक बंपरला वेल्डिंग करू नका, चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्टने पकडा. जनरेटर ट्रॉलीवर थोडा पुढे बसवा, ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर आला पाहिजे. मागे जास्त झालं की ट्रॉली शेपटीसारखी हलते. आणि गाडीच्या पुस्तकात ओढण्याचं वजन दिलंय का बघा. नसेल तर कंपनीकडून लेखी मागा. सेल्समनच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

वकीलसाहेब_धुळे
लायसनची चिंता नको. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच सांगितलं.

तापीकाठ
साहेब, लायसनचं विचारलंय कोणी?

भरीतप्रेमी
जनरेटर एवढा मोठा म्हणजे डीजे पण असेल. रात्री दहानंतर बंद करत जा राव, आमच्या गल्लीत म्हातारी माणसं आहेत. बाकी पारोळ्याच्या लग्नात मांडे असतात का अजून?

डिझेलभाऊ_सावदा
जनरेटर पिकअपवर चढव आणि मंडपाला छोटी गाडी भाड्याने घे. ट्रॉलीचं लफडंच नको.

मंडपवाला_पारोळा
लग्नाच्या दाट तिथीला भाड्याची गाडी मिळते का? आणि जनरेटर चढवा-उतरवायला दर वेळी क्रेन कोण देईल? मग डिझेलच ना? एका शब्दात सांगा.

गॅरेज_एरंडोल
डिझेल. पण बुकिंगच्या आधी ट्रॉली काट्यावर नेऊन वजन करा आणि आकडा इथे टाका. ब्रेक बसेपर्यंत कन्नडची ऑर्डर घेऊ नका.

तापीकाठ
ट्रॉलीची आरटीओत वेगळी नोंदणी आहे का? विमा?

मंडपवाला_पारोळा
ट्रॉलीची नोंदणी?

वकीलसाहेब_धुळे
लागते. ट्रेलर कायद्याने वेगळं वाहन आहे.

अमळनेरकर
दादा, मे महिन्यात साडेबासष्टचं एका दिवसाचं भाडं काय घेता? डिझेल धरून.