‘इच्छामरण’, ‘दयामरण’ आणि ‘उपचार थांबवणे’ : शब्दचर्चा

विचारणा

बरे होण्याची शक्यता न उरलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ मजकुरात ‘पॅसिव्ह युथनेशिया’ (आयुष्य लांबवणारे उपचार थांबवून किंवा सुरू न करून मृत्यू येऊ देणे) ही संज्ञा वारंवार येते. वृत्तपत्रांत तिच्यासाठी ‘निष्क्रिय इच्छामरण’, ‘अप्रत्यक्ष इच्छामरण’, ‘परोक्ष दयामरण’ असे निरनिराळे शब्द दिसतात. रुग्ण शुद्धीवर नसेल आणि त्याने आपली इच्छा कधी कोणाला सांगितलेलीही नसेल, तर त्याच्या बाबतीत ‘इच्छामरण’ म्हणणे योग्य ठरेल का? आणि ‘दयामरण’ म्हणायचे, तर ती दया कोणाची समजायची? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

‘इच्छामरण’ म्हणजे इच्छेने आलेले मरण, आणि ती इच्छा मरणाऱ्याचीच असली पाहिजे, हे त्या समासातच गृहीत आहे. आपल्या मनात या शब्दामागे भीष्म उभे असतात. शंतनूने त्यांना दिलेल्या वरासाठी महाभारतात ‘स्वच्छंदमरण’ असा शब्द येतो. (मराठीत ‘स्वच्छंद’ पुढे बेबंदपणाकडे झुकला, म्हणून तो शब्द आज वापरता येणार नाही.) शरपंजरी पडलेले भीष्म शुद्धीवर होते, बोलत होते आणि उत्तरायणाची वाट पाहायची हे त्यांनी स्वतः ठरवले होते. अतिदक्षता विभागात नळ्या लावून निजलेल्या, डोळेही न उघडणाऱ्या माणसाला हाच शब्द लावला की त्याने न उच्चारलेली इच्छा आपण त्याच्या तोंडी घालतो.

हे किती दूरवर जाते, ते अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात दिसले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच अमानुष हल्ला झाला, गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्यानंतरची जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिला सर्वत्र ‘इच्छामरणाची याचिका’ म्हटले गेले. परंतु अरुणा यांनी मरणाची इच्छा कधी व्यक्त केली होती, असा कोणाचाही दावा नव्हता. न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी त्यांना तपासले, तेव्हा त्या कोमात नाहीत, मेंदूमृतही नाहीत, खोलीत माणसांची गर्दी झाली की आवाज करतात आणि गर्दी गेली की शांत होतात, असे त्यांच्या लक्षात आले. मासळीचे व कोंबडीचे सूप त्यांना आवडते, हेही नोंदले गेले. ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली गेली आणि त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट देशात प्रथमच मोकळी झाली.

आता ‘दया कोणाची?’ हा आपला प्रश्न. विराणी यांना जी दया वाटली, ती म्हणत होती की हे जिणे संपावे. केईएममधील परिचारिकांना जी दया वाटली, तिने अरुणा यांना पिढ्यान्‌पिढ्या भरवले, कूस बदलवली, अंगाला शय्याव्रण होऊ दिले नाहीत आणि याचिकेला ठाम विरोध केला. दोन्ही बाजूंची कळकळ खरी होती आणि दोन्ही परस्परविरुद्ध दिशांना ओढत होत्या. म्हणून ‘दयामरण’ हा शब्द पाहणाऱ्याची भावना सांगतो, रुग्णाविषयी मात्र काहीच सांगत नाही. तो मी एवढ्यापुरताच राखून ठेवीन : दुसऱ्या व्यक्तीने, दयेपोटी का होईना, औषध किंवा इंजेक्शन देऊन मुद्दाम घडवून आणलेला मृत्यू. भारतात तो आजही गुन्हा आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियम येथे २००२ पासून कायद्याने जे मान्य आहे, तेथे रुग्णाची स्वतःची, विचारपूर्वक केलेली मागणी ही पहिली अट असते; त्यामुळे त्याला ‘इच्छामरण’ म्हणण्यास माझी हरकत नाही.

आपल्या पत्रकात ज्या गोष्टी आहेत, त्यांना ‘उपचार थांबवणे’ आणि ‘उपचार सुरू न करणे’ असे सरळ म्हणावे. ‘निष्क्रिय’ तर अजिबात नको. मराठीत निष्क्रिय म्हणजे करण्यासारखे असूनही काही न करणारा. आपण आईसाठी काही केले नाही, ही बोचणी घेऊन आधीच बसलेल्या मुलाच्या हाती असा शब्द देऊ नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१८ साली या विषयातील संज्ञांच्या व्याख्या प्रसिद्ध करताना ‘पॅसिव्ह युथनेशिया’ ही संज्ञा टाळण्याकडेच कल दाखवला आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, तरी एक आक्षेप नोंदवतो. ‘उपचार थांबवणे’ हा शब्द फार मऊ आहे. शाळेतल्या मुलाचे खोकल्याचे औषध थांबवतात, तेव्हाही आपण हेच म्हणतो. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र काढल्यावर रुग्ण काही मिनिटांत किंवा काही तासांत जाण्याचा संभव असतो आणि ते यंत्र काढणाऱ्याला ठाऊक असते. सक्रिय आणि निष्क्रिय असा भेद करणाऱ्यांवर तत्त्वचिंतकांनी पूर्वीपासून हाच प्रश्न रोखला आहे : परिणाम तोच, हेतूही जवळपास तोच, मग इंजेक्शन देणारा हात दोषी आणि नळी काढणारा हात निर्दोष कसा? त्याला उत्तर असेलही. एकात मृत्यू आपण घडवतो आणि दुसऱ्यात रोगाला अडवणे सोडतो, हा फरक मला स्वतःला मान्य आहे. परंतु हा प्रश्न वाचकाच्या मनात उठूच नये, अशा बेताने शब्द निवडणे मला प्रामाणिक वाटत नाही. ‘इच्छामरण’ या शब्दात निदान ‘मरण’ तरी उघडपणे उच्चारलेले असते.

तिसरा प्रतिसाद

मी एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वर चर्चिलेल्या शब्दांपैकी एकही शब्द रुग्णांच्या नातेवाइकांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. ते म्हणतात, ‘नुसते मशीनवर ठेवले आहे का?’, ‘आता हाल बघवत नाहीत’, ‘सिस्टर, सोडवा हो त्यांना.’ रुग्ण गेल्यावर ‘सुटले’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात कधी रुग्णाची सुटका असते, कधी घरच्यांची, बहुतेक वेळा दोघांचीही. अखेर ठरते तेव्हा ‘डामा’च्या कागदावर, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर, सही होते. त्या कागदात ना इच्छा असते, ना दया. घरी गेल्यावर वेदनेचे काय करायचे, हेही त्यात लिहिलेले नसते.

माहितीपत्रक लिहिणाऱ्यांना माझी विनंती अशी की ‘इच्छा’ हा शब्द जपून वापरावा. ‘बाबांचीच घरी जायची इच्छा आहे’ असे सांगणाऱ्या मुलाच्या दुसऱ्या हातात रोजच्या बिलाचा कागद मी पाहिला आहे. तो खोटे बोलत होता, असे मी म्हणणार नाही. बाबांनीही खर्चाचा आकडा ऐकूनच तसे म्हटले असेल. ज्या समाजात म्हाताऱ्या माणसाला आपण ओझे झालो असे सहज वाटू शकते, तेथे त्याची इच्छा किती त्याची आणि किती परिस्थितीची, हे खाटेशेजारी उभे राहूनही कळत नाही. कायद्याने मरणाचा अधिकार देण्याला माझा विरोध आहे, तो याच कारणाने.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आक्षेप रास्त आहे. ‘उपचार थांबवणे’ ही संज्ञा ठेवावी, पण तिच्या लगतच्या वाक्यात मृत्यूचा स्पष्ट उल्लेख असावा, ही दुरुस्ती मी स्वीकारतो. परिचारिका भगिनींनी मांडलेला मुद्दा त्याहून मोठा आहे. तो शब्दाने सुटणारा नाही, मात्र चुकीच्या शब्दाने झाकला जाऊ शकतो, आणि ‘इच्छामरण’ तो झाकते.

ज्यात इच्छा निर्विवाद आहे, अशा मरणासाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेतच. मरण येईपर्यंत अन्नत्याग करून बसणे म्हणजे ‘प्रायोपवेशन’. जैन परंपरेत ‘सल्लेखना’ किंवा ‘संथारा’. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न व औषधे सोडली, विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला. सावरकरांनी तर ‘आत्महत्या’ आणि ‘आत्मार्पण’ यांतील भेद आधीच लिहून ठेवला होता. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले आणि त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. या साऱ्यांत डॉक्टरचा हात कोठेही नाही, म्हणून हे शब्द रुग्णालयात आणू नयेत.

आणखी एक सावधगिरी. ‘लिव्हिंग विल’साठी, म्हणजे पुढे स्वतः सांगता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदासाठी, नुसते ‘इच्छापत्र’ लिहू नये. वाचक त्याचा अर्थ घर-जमिनीचे मृत्युपत्र असा घेईल. ‘वैद्यकीय इच्छापत्र’ लिहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने त्याला मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट जाऊन दोन साक्षीदारांसमोर सही व नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरले. असे पत्र नसेल तरीही, नातेवाइकांची संमती आणि दोन वैद्यकीय मंडळांचे मत घेऊन उपचार थांबवता येतात. या दुसऱ्या वाटेला ‘इच्छामरण’ म्हणणे मला सर्वांत अधिक खटकते, कारण तेथे रुग्णाची इच्छा कागदावर कोठेच नसते.

विचारणा करणाऱ्याचा प्रतिसाद

सर्वांचा आभारी आहे. पत्रकातील मुख्य परिच्छेद असा केला आहे : ‘आजार बरा होण्याची शक्यता उरलेली नसेल, तर केवळ आयुष्य लांबवणारे उपचार थांबवता येतात किंवा सुरू न करणे ठरवता येते. असे केल्यास रुग्णाचा मृत्यू लवकर होऊ शकतो. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारे उपचार मात्र शेवटपर्यंत चालू राहतात. रुग्णाने वैद्यकीय इच्छापत्र केले असल्यास त्यातील सूचना पाहिल्या जातील. केले नसल्यास निर्णय आपला व डॉक्टरांचा असेल आणि तो रुग्णाची इच्छा म्हणून नोंदवला जाणार नाही.’ शेवटचे वाक्य कठोर वाटते, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. परिचारिका भगिनींचे मत समजल्यास ते ठेवायचे की नाही, हे ठरवता येईल.

तिसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

ठेवावे. फक्त ‘निर्णय आपला’ याऐवजी ‘निर्णय आपल्या कुटुंबाचा’ असे करावे. सही करणारा बहुधा एकटाच असतो आणि नंतरची अनेक वर्षे त्या एकट्यालाच विचारले जाते.