चारशे किलोमीटरना २८ तास कशाला?

कुलकर्णी (ए-३०२): अंतराळवीर शुभांशु शुक्ला २६ जून २०२५ ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचले, याचा आनंद आहेच, पण एक शंका आहे. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे, म्हणजे साधारण पुणे-गोव्याएवढेच अंतर. रात्रीच्या बसमध्ये बसलेला माणूस सकाळी गोव्यात उतरतो, मग त्यांना नेणाऱ्या ड्रॅगन यानाला २८ तास का लागले?

जोशी काका (बी-१०१): पृथ्वीभोवतीच्या कक्षेत शिरायला यानाला जेमतेम नऊ मिनिटे लागली. उरलेला सगळा वेळ पाठलागात गेला, कारण स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पळत असते. धावत्या गाडीत चढायचे तर आधी तिच्याइतक्याच वेगाने पळावे लागते, तसेच हे आहे. त्यासाठी यान आधी मुद्दाम खालच्या कक्षेत ठेवतात. ती लहान असते आणि तिथला वेगही जास्त असतो, त्यामुळे प्रत्येक प्रदक्षिणेत यान थोडे थोडे जवळ येते. अठराच्या आसपास प्रदक्षिणांनंतर, अगदी शेवटच्या टप्प्यात, ते सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्या सावकाश स्थानकाला टेकते. आपल्या पार्किंगमध्ये गाडी लावताना एवढा संयम दिसला, तर खांब वाचतील.

शिंदेताई (ए-६०४): मग २०२० मध्ये रशियाचे सोयुझ यान तीन तासांत कसे पोहोचले?

जोशी काका: उत्तम प्रश्न. उड्डाणाच्या क्षणी स्थानक यानाच्या किती पुढे असेल, यावर पाठलागाची लांबी ठरते. सोयुझसाठी स्थानकाची कक्षाही कधीकधी आधी थोडी बदलून घेतात. तेवढे जुळले नाही, तर यान सावकाश अंतर कापते. त्यात बिघाड काहीच नसतो.

कुलकर्णी: चिरंजीव विचारतात, की पुढे पळणारे स्थानक गाठायचे तर सरळ इंजिन चालवून वेग का वाढवत नाहीत?

जोशी काका: तिथेच सगळ्यांची फसगत होते. पुढच्या दिशेने जोर लावला, की यान वरच्या, मोठ्या कक्षेत चढते, तिथे त्याचा सरासरी वेग कमी होतो आणि ते उलट मागे पडते. मोबाइलवर टंकून हे पटवणे अवघड आहे. चिरंजीवांना संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन माझ्याकडे पाठवा, दोन वर्तुळे काढून दाखवतो.