स्कॅबलँडला मराठीत काय म्हणाल?

परसदार: मंडळी, अडले आहे. दिवाळी अंकासाठी एक प्रवासलेख मराठीत आणतेय. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडचा 'चॅनल्ड स्कॅबलँड' हा त्याचा विषय. हिमयुगाच्या अखेरीस, साधारण १८ ते १४ हजार वर्षांपूर्वी, शेजारच्या आयडाहो राज्यात, मोन्टानाच्या सीमेजवळ, क्लार्क फोर्क नदीच्या वाटेत हिमनदीची जीभ आडवी आली. मागे मोन्टानात पाणी तुंबून मिझूला नावाचं तळं झालं, बांधापाशी सुमारे ६०० मीटर खोल. बांध गेला की ते पाणी वॉशिंग्टन राज्य धुऊन पॅसिफिकला मिळायचं, आणि हे कित्येकदा झालं. माती गेली, खालचा काळा खडक उघडा पडला. तिथले लोक असल्या रानाला स्कॅबलँड म्हणत. स्कॅब म्हणजे जखमेवरची खपली, म्हणून मी 'खपलीची जमीन' लिहिलं, तर संपादक विचारतात, खपली गहू पिकतो ती का?

दर्या_रत्नांग्री: सडा म्हणा की! कातळसडा. पावसाळ्यात गवत नि फुलं, एरवी चपलेशिवाय पाय ठेवायची सोय नाही.

काळाफत्तर: सडा म्हटलं की देशावरच्या माणसाला अंगणातलं शेण आठवतं. शिवाय तुमचा सडा जांभ्याचा. तिथला खडक बेसॉल्ट, म्हणजे आपला घाटावरचा फत्तरच. दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांचा, कोलंबिया नदीकडचा दीड-पावणेदोन कोटींचा, पण जात एकच. लाव्ह्याचे थरावर थर.

शब्दप्रभू: 'विदीर्णभूमी' हा शब्द सुचवतो. आणि कृपया तळं नको. ६०० मीटर खोल पाण्याला तळं म्हणवत नाही. 'हिमानी सरोवर' लिहा.

काळाफत्तर: विदीर्ण झालेलं हृदय ऐकलंय. जमीन पहिल्यांदाच.

आत्याबाई: सरस् म्हणजे तळं, वर म्हणजे श्रेष्ठ. सरोवर हे तळ्याचं कौतुक झालं, मोजमाप नव्हे. अमुक फुटांनंतर सरोवर, हा नियम कुणी केला?

टेंभुर्णीकर: तुंबवलेलं पाणी म्हणजे जलाशय. आमचं उजनी जलाशयच आहे.

परसदार: जलाशय म्हटलं की माणसानं अडवलेलं वाटतं हो. इथे बर्फानं अडवलंय. आणि आकार बघा: सुमारे २१०० घन किलोमीटर. आपल्या पेपरांच्या भाषेत ७४ हजार टीएमसी. कोयनेत १०५ टीएमसी मावतं, म्हणजे सातशे कोयना.

टेंभुर्णीकर: बाप रे. मग पाणी ओसरल्यावर केवढी गाळपेर निघाली असेल! तुमच्या लेखात तळ्याचा तळ येत असेल तर हाच शब्द घाला. धरणाचं पाणी मागे सरलं की उघडी पडते आणि कसली जाते ती गाळपेर. शंभर टक्के मराठी, आणि रोजच्या वापरातला.

शब्दप्रभू: गाळपेर हा महसुली शब्द आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या तळाला सातबारा नव्हता.

सिएटलस्थित: मिझूला शहरात जाऊन आलोय म्हणून लिहितो. विद्यापीठाच्या मागेच माउंट सेंटिनल आहे. त्याच्या गवताळ उतारावर एकावर एक आडव्या रेघा आहेत, अगदी समपातळीत. पाणी जिथे जिथे थांबलं तिथे लाटांनी उतार कोरून काढलाय. दुपारी भगभगीत उन्हात काही कळत नाही. ऊन कललं किंवा बर्फ भुरभुरलं की मोजता येतात. याला मराठीत काय म्हणायचं?

दर्या_रत्नांग्री: पूररेषा.

टेंभुर्णीकर: पूररेषा म्हटलं की बांधकाम परवानगी आठवते. निळीत घर का लाल रेषेत? आणि पूर तर खाली वॉशिंग्टनला आला. इथे पाणी नुसतं उभं होतं. 'पाणरेघ' म्हणा.

आत्याबाई: पाणरेघ छान आहे. जिभेवर बसतो.

सिएटलस्थित: बरं, स्कॅबलँडात खडकात खोल गोल खड्डेही आहेत. त्यांना मात्र शब्द तयार आहे: रांजणखळगे. निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसे. खडकही बेसॉल्टच.

काळाफत्तर: शब्द घ्या, पण तळटीप द्या. निघोजचे खळगे दगडगोटे गरगर फिरून घासत घासत झालेत, सावकाश. स्कॅबलँडातल्या पुराला तेवढी सवड कुठली? तिथे पाण्यातल्या उभ्या भोवऱ्यांनी बेसॉल्टचे खांब मुळासकट उपटून नेले. एक झिजलं, दुसरं उखडलं.

आत्याबाई: आणि स्कॅबलँडातल्या ग्रँड कूली या खोल दरीच्या नावातल्या 'कूली'चं काय केलंत? मी सांगते, घळ. कूली हा फ्रेंच 'वाहणे'वरून आला. आपली घळ 'गळणे'वरून. दोन्हीकडे पाणीच आहे.

शब्दप्रभू: घळ गळण्यावरून? पुरावा?

आत्याबाई: कान.

शब्दप्रभू: पुराव्याशिवाय व्युत्पत्ती म्हणजे गप्पा.

सिएटलस्थित: ब्रेट्झ या भूवैज्ञानिकालाही हेच ऐकावं लागलं होतं. हा प्रदेश महापुरानं कोरला, असं त्यानं १९२३ साली मांडलं. १९२७ मध्ये वॉशिंग्टन डीसीत मोठमोठ्या भूवैज्ञानिकांनी त्याला घेरलं: एवढं पाणी आणलं कुठून? नजरेसमोरचा खडक सांगत होता, पण उगम त्याला दाखवता येईना. पुढे १९४० मध्ये पार्डी या भूवैज्ञानिकानं मिझूला तळ्याच्या तळातल्या कॅमस प्रेरी नावाच्या माळावरच्या वळ्या मांडल्या. वाळूवर पाणी उठवतं तशाच, पण गोट्या-रेतीच्या आणि तीस-तीस फूट उंच. तळं झपाट्यानं रितं झाल्याशिवाय अशा वळ्या पडत नाहीत. ब्रेट्झला पेनरोझ पदक, भूविज्ञानातला मोठा सन्मान, मिळालं ते थेट १९७९ साली, नव्वदी उलटल्यावर.

शब्दप्रभू: म्हणजे पुरावा लागलाच ना शेवटी.

परसदार: अहो, स्कॅबलँड राहिलं! संपादकांचा आज दोनदा फोन आला. आणखी एक: 'बांध फुटला' लिहिलं तर चालेल?

काळाफत्तर: पुण्यात १९६१ पासून धरण फुटतंच, दुसरं क्रियापद नाही. पण इथे जपून. बर्फ पाण्याहून हलका. मागचं पाणी बांधाच्या उंचीच्या नऊ-दशांशापर्यंत चढलं की बर्फ तळाशी उचललं जायला लागतं, खालून पाणी शिरतं, बोगदे पडतात, मग सगळं कोसळतं. 'बांध उचलला गेला' लिहा.

टेंभुर्णीकर: बांध उचलला म्हणजे आमच्याकडे शेजाऱ्यानं रात्रीतून बांध सरकवला. पोलीस केस होते.

शब्दप्रभू: मुळात 'बर्फाचा बांध' का? बर्फ फारसी आहे. हिमबांध लिहा.

दर्या_रत्नांग्री: बांध तरी कुठला?

शब्दप्रभू: बन्ध्. संस्कृत.

सिएटलस्थित: फारसीतही 'बंद' म्हणजे धरणच. आता कुणाचा धरायचा?