डावखुऱ्या हातासाठी पहिली देबा सुरी बनवून घ्यायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी मूळची मालवणची. गेली तीन वर्षं नोकरीमुळे ओसाकाला आहे. इथे मासे उत्तम मिळतात. साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला, इवाशी तारलीसारखा, आणि सावारा तर सुरमईचा सख्खा भाऊ. त्यामुळे आठवड्यातून तीनदा तरी अख्खा मासा घरी येतो आणि तो मीच साफ करते. दुकानदार कापून देतो, पण त्याचे तुकडे कालवणाचे नसतात, डोकं तो टाकूनच देतो, आणि मला डोकं हवं असतं.

अडचण अशी की मी डावखुरी आहे. गावाला हे कधी जाणवलंच नाही. आमच्या आडाळीला, म्हणजे विळीला, उजवं-डावं नव्हतं. पातं जागेवर उभं, मासा दोन्ही हातांत, आणि हलायचं ते हातांनी. आजीने मला तशीच शिकवली, डावा हात पुढे ठेवून, आणि कोणी काही बोललं नाही. इथे मात्र सुरी हलते आणि मासा पडून राहतो. सगळं गणितच उलटं.

मागच्या वर्षी एका दुकानातून १६५ मिमीची देबा घेतली. देबा म्हणजे मासे कापायची जाड पाठीची, एकाच बाजूने उतार असलेली सुरी. दुकानात विचारलं होतं, डाव्या हाताला चालेल का? "सवय होईल" असं उत्तर मिळालं. नाही झाली. सरळ खाली कापायला गेलं की पातं डावीकडे सरकतं आणि तुकडा वर जाड, खाली पातळ निघतो. मासा आडवा ठेवून काट्यावरून मांस सोडवताना तर फारच त्रास. उजव्या हातात ही सुरी धरली की उताराची बाजू खाली काट्यावर टेकते आणि सपाट बाजू वरच्या मांसाला लागते. माझ्या हातात नेमकं उलटं होतं. सपाट बाजू खाली येते आणि धार काट्यात रुतते. आठ महिन्यांत टोकाजवळ दोन दाते पडले आणि सावाराचा निम्मा गर काट्यालाच चिकटून राहतो. मासा वाया जातो त्याचं मला फार वाईट वाटतं.

हीच सुरी घासून डावी करता येईल का, असं मी एका धार लावणाऱ्याला विचारलं. त्याने नीट समजावलं. या सुऱ्यांत मऊ लोखंड आणि कडक पोलाद असे दोन थर एकमेकांवर तापवून जोडलेले असतात, आणि पोलाद सपाट बाजूकडे असतं. उतार दुसऱ्या बाजूला काढायला गेलं तर पोलादच घासून निघून जाईल. म्हणजे डावी सुरी ही भट्टीपासूनच डावी घडवावी लागते. म्हणून बनवून घ्यायचं ठरवलं.

साकाई हे सुऱ्यांसाठी नावाजलेलं शहर माझ्या घरापासून ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर. दोन शनिवार तिथे फिरले. तिथल्या सुऱ्यांना १९८२ साली पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा मिळाला, पण काम त्याच्या कितीतरी आधीचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात आला, मग पानं चिरायला सुऱ्या लागल्या, आणि साकाईच्या सुऱ्यांवर पुढे शोगुनाच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, राजवटीचा शिक्का बसला. (पोर्तुगीजांनी आपल्याकडे मिरची आणली नि इथे तंबाखूची सुरी, हे वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.) साकाईत एक सुरी एकाच हातातून तयार होत नाही. एकजण घडवतो आणि पाणी देतो (तापलेलं पातं बुडवून कडक करतो), दुसरा दगडावर धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. मी ज्या दुकानात बोलले तिथल्या आजोबांनी डावी सुरी बनवून देऊ म्हणून सांगितलं. किंमत साधारण दीडपट आणि वाट पाहायची काही महिने. माझी तयारी चाळीस हजार येनपर्यंत आहे.

आता त्यांनी मला एक कागद दिलाय भरायला, आणि तिथेच माझं घोडं अडलंय.

पोलाद कोणतं? शिरोगामी, आओगामी की गिनसान? पहिली दोन गंजतात आणि तिसरं गंजत नाही एवढं कळलं. लांबी १५० मिमी घेऊ, १६५ की १८०? त्यांनी होन्याकी नावाचा प्रकारही दाखवला, अख्खी सुरी एकाच पोलादाची, दिसायला अतिशय सुंदर. ती माझ्या ऐपतीबाहेर आहे, पण आणखी पैसे साठवून थांबावं का? मूठ अष्टकोनी की एका बाजूला कंगोरा असलेली? शिवाय दोन वर्षांनी मी कायमची मालवणला परतणार आहे. समुद्रापासून घर चारशे पावलांवर. तिथल्या पावसाळ्यात ही सुरी टिकेल का?

ज्यांनी वापरलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. खर्च मोठा आहे आणि या वेळी चूक करायची नाही.

प्रतिसाद

ताई, मी तोक्योत निशिकासाईला राहतो आणि सहा वर्षं जपानी स्वयंपाकघरात काम केलंय. आधी होन्याकीचा विषय संपवून टाकू. ती घेऊ नका, पैसे असले तरी नको. अख्खं पातं पोलादाचंच असतं, त्यामुळे धार लावायला वेळ लागतो आणि दगडावर हात बसलेला नसेल तर पातं वाकडं घासलं जातं. हातातून पडली तर तडकूही शकते. देबाला डोकं तोडायचं असतं, काट्यावर दाब द्यायचा असतो. तिथे मऊ लोखंडाचा आधार असलेली जोडपोलादाची सुरीच बरी. तिला कासुमी म्हणतात, कारण जोडाजवळ लोखंड धुक्यासारखं धूसर दिसतं.

पोलादाबद्दल. शिरो म्हणजे पांढरा, आओ म्हणजे निळा. पोलादाचा रंग नाही हो, कारखान्यातून पट्ट्या ज्या कागदाच्या खुणेने येत त्याचा रंग. शिरोगामी म्हणजे जवळजवळ निव्वळ लोखंड आणि कर्ब. दोन नंबरमध्ये कर्ब १.०५ ते १.१५ टक्के. आओगामीत त्यावर थोडं क्रोमियम आणि टंगस्टन घालतात. त्याने धार जास्त दिवस राहते, पण दगडावर ते जरा हट्टी असतं. तुम्ही रोज दहा किलो मासे कापत नाही. तुम्हाला सहज धरली जाणारी धार हवी. माझं मत शिरोगामी दोन नंबर. एक नंबरमध्ये कर्ब जास्त, धार आणखी बारीक येते, पण दातेही लवकर पडतात. यानागिबाला, म्हणजे साशिमी (कच्च्या माशाचे काप) कापायच्या सुरीला ती शोभते.

लांबी १६५ च ठेवा. साबा आणि सावारा दोन्हीला पुरते.

आणि डावी सुरी बनवून घेण्याचा तुमचा निर्णय अगदी बरोबर. आमच्याकडे एक डावखुरा मुलगा होता, त्याला वरिष्ठांनी उजव्या हाताने कापायला लावलं. दोन वर्षं तो रोज मागे पडायचा.

प्रतिसाद

बाळा, मी वेंगुर्ल्याची, वय सत्तरच्या पुढे. सुरीतलं मला कळत नाही, पण लोखंडी आडाळी मी पन्नास वर्षं सांभाळलेय ती समुद्राच्या वाऱ्यातच. गंजाला भिऊ नको. गंज येतो तो ओल्या भांड्यांत लोळत पडलेल्या हत्याराला. मासे झाले की लगेच धुवायची, फडक्याने कोरडी पुसायची, चुलीच्या उबेला दोन मिनिटं धरायची, वर खोबरेल तेलाचं बोट. श्रावणात मासे बंद असतात तेव्हा जास्त सांभाळ, कारण वापरात नसलेलं पातं आधी खराब होतं. आणि त्या पात्याने कैरी, कोकम, चिंच कापू नको, काळं पडतं आणि कालवणालाही लोखंडाचा वास येतो. त्याला तुझी नेहमीची सुरी वापर.

डोकं टाकत नाहीस हे वाचून बरं वाटलं.

प्रतिसाद

काकूंनी सांगितलेलं सगळं पटतं, फक्त चुलीची ऊब हाताला सोसेल इतकीच. पाणी दिलेलं पातं जास्त तापलं की त्याचं कडकपण उतरतं. जपानात खोबरेलाऐवजी कॅमेलियाचं तेल लावतात, ते लवकर खवट होत नाही. मालवणात ते मिळालं नाही तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चालेल.

मी पुण्यात असतो, छंद म्हणून धार लावतो. मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. ताई, एकतर्फी सुरीच हवी का? योदेबा नावाचा प्रकार असतो, जाड, जड आणि दोन्ही बाजूंनी उतार असलेला. त्याला उजवं-डावं नसतं, तयार मिळतो, निम्म्या पैशात येतो. तुमची आडाळी जशी दोन्ही हातांना चालायची तसाच. आपण कोकणी पद्धतीने काट्यासकट आडवे तुकडेच जास्त करतो. त्या कामाला योदेबा एकतर्फीपेक्षा बरी, धार सरळ खाली उतरते.

एकतर्फी घेणार असाल तर धार लावायला आधी शिका. एक हजार नंबरचा दगड आणि एक तीन ते सहा हजारांमधला, एवढे दोन पुरतात (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). उताराची बाजू दगडावर सपाट टेकवून घासायची, कोन हातानं धरायचा नाही, तो सुरीतच आहे. मागची बाजू, उरा म्हणतात तिला, मध्ये किंचित खोलगट असते. ती फक्त बारीक दगडावर आडवी टेकवून दोन-चारदा हलकेच फिरवायची, कडेला आलेला पापुद्रा जाण्यापुरती. नवखे लोक इथेच चुकतात, मागची बाजू एक हजारावर घासत बसतात. ती खोलगट जागा एकदा सपाट झाली की सुरीचा जीव गेला. आपल्याकडच्या चाकावरच्या धारवाल्याला तर ती देऊच नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

प्रतिसाद (धागाकर्ती)

तिघांचे मनापासून आभार. काकू, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. तिने पहिलं विचारलं, वेंगुर्ल्याला कोणाकडच्या?

पुण्याचे दादा, योदेबाचा मी दोन दिवस विचार केला. तुमचं म्हणणं खरं आहे, कालवणाच्या तुकड्यांना ती पुरेल. पण मला काट्यावरून मांस अख्खं सोडवायलाही शिकायचंय. साबाला मीठ लावून, व्हिनेगरमध्ये मुरवून इथे शिमेसाबा करतात. तो मला घरी करता यायला हवा, आणि मालवणला गेल्यावर तोच बांगड्यावर करून बघायचाय. त्यासाठी एकतर्फीच हवी असं वाटतं. चुकतेय का?

अजून एक. जुन्या सुरीला जे दाते पडले ते नव्या सुरीलाही पडतील, ही भीती मनातून जात नाही.

प्रतिसाद

तोक्योवाला पुन्हा. ताई, नाही चुकत. बांगडा मात्र तारलीसारखाच पटकन खराब होतो, आणि साबासारखेच त्यातही किडे असू शकतात. व्हिनेगरने ते मरत नाहीत. उणे वीस अंशांवर पूर्ण चोवीस तास गोठवूनच कच्चा खायचा, हे कृपा करून पाळा.

दात्यांचं उत्तर कागदावर लिहून द्या. धार काढणाऱ्यांना सांगा, कोबा हवा. म्हणजे अगदी कडेला दुसरा बारीक, जास्त उभा उतार. डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण काट्याचा मार तोच सोसतो. टाचेकडे, म्हणजे मुठीजवळच्या भागात तो जरा मोठा मागा आणि डोकं त्या भागाने तोडा. तेही वरून घाव घालून नाही. कल्ल्यामागे सांधा शोधायचा, टाच त्यावर ठेवायची, आणि दुसरा तळवा पाठीवर दाबायचा. टोकाजवळचा भाग नाजूक, तो फक्त सोडवण्यासाठी. तुमचे दाते टोकाजवळ पडले, कारण धार काट्यात रुतल्यावर तुम्ही सुरी पिळून बाहेर काढत असणार. गोठलेला मासा मात्र कुठल्याच भागाने नाही.

मूठ अष्टकोनी घ्या. कंगोऱ्याची घेतलीत तर डाव्या हाताची असं स्पष्ट लिहा, नाहीतर सवयीने उजवी बसवतील. होओ नावाचं हलकं लाकूड असतं, ओल्या हातातून घसरत नाही, आणि म्हशीच्या शिंगाचं कडं लावलं की तोंडाशी पाणी शिरत नाही. मूठ दहा वर्षांनी बदलता येते, तिच्यावर जास्त खर्च करू नका.

भारतात नेताना चेक-इन सामानात, धारेवर पुठ्ठा बांधून. जपानात सहा सेंटिमीटरहून लांब पात्याची सुरी कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. दुकानातून घरी आणायला हरकत नाही, पण डब्यातून बाहेर काढू नका आणि पिशवीत विसरूही नका.

प्रतिसाद (धागाकर्ती)

कागद भरला. शिरोगामी दोन नंबर, कासुमी, १६५ मिमी, डावी, टाचेकडे कोबा, अष्टकोनी होओची मूठ. आज आजोबांना नेऊन दिला. त्यांनी माझा डावा हात टेबलावर ठेवायला सांगितला, तळव्याची रुंदी मोजली, आणि जुनी सुरी मागून घेऊन दाते पडलेल्या जागी बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग मला ट्रेवरचा एक साबा कापून दाखवायला लावला. मी कापत असताना त्यांनी एकदाच माझं मनगट धरून थोडं खाली केलं.

पात्यावर नाव कोरून देतात, काताकाना या जपानी लिपीत. काय कोरू विचारलं तेव्हा मी आजीचं नाव सांगितलं. डाव्या सुरीला ते डाव्या बाजूला येईल, म्हणजे कापताना मला दिसेल.

सुरी मार्चमध्ये मिळेल. तोवर जुन्या सुरीवर एक हजाराच्या दगडाचा सराव करतेय. उताराची बाजू जमायला लागलीय, उऱ्याला अजून हात लावलेला नाही. पुण्याचे दादा, दगड आधी किती वेळ पाण्यात ठेवायचा तेवढं सांगाल का? माझा बुडबुडे थांबेपर्यंत वीस मिनिटं घेतो.