पक्षाच्या बैठकीला टेकडीसाठी गेले आणि गळ्यात उपरणं पडलं, आता काय करू?

आधीच सांगते, मी कुठल्याच पक्षाची नाही आणि पक्षाचं नाव मुद्दाम घेत नाहीये, प्लीज धागा तिकडे नेऊ नका.

पुण्यात कोथरूडला राहते, गेली अकरा वर्षं रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जाते. टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय परत वर आल्यापासून आमचा फिरणाऱ्यांचा ग्रुप सह्या, पत्रं, २०२३ च्या एप्रिलमधला मोर्चा, सगळ्यात होता. पण मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाला निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, घरी यायचं. आता निवडून आलेली माणसं आहेत, तर म्हटलं ती जिथे बसतात तिथेच जाऊन बोलू. ओळखीच्या एका कार्यकर्त्याने प्रभागाच्या मासिक बैठकीला बोलावलं, गेले.

दोन तास मतदार याद्या, पाण्याचा दाब, गणपतीचे फ्लेक्स. शेवटी आयत्या वेळचे विषय आले तेव्हा मी उभी राहिले. खरं सांगू का, ऐकलं त्यांनी! टेकडीवर पाणी मुरतं म्हणून खालच्या बोअरला पाणी राहतं हे बोलल्यावर दोन-तीन जणी माना हलवत होत्या, त्यांच्या सोसायटीत टँकर येतात. मग एका मुलाने विचारलं, ताई रस्ता झाला तर लॉ कॉलेज रोडची गर्दी कमी होईल ना, आम्ही रोज अडकतो. प्रश्न रास्त होता आणि मला धड उत्तर देता आलं नाही, ते अजून टोचतंय.

निघताना सत्कार म्हणून उपरणं घातलं, फोटो काढला. रात्री तोच फोटो "पक्षात स्वागत" असं लिहून सगळीकडे फिरला. आता टेकडीच्या ग्रुपवरचे लोक बोलेनासे झालेत, आणि मिस्टर राज्य सरकारी नोकरीत आहेत त्यांना वेगळंच टेन्शन.

तर मला विचारायचंय की जायचं बंद करू का? दुसऱ्या पक्षांच्या बैठकांनाही जावं का? मिस्टरांना खरंच काही अडचण येईल का? आणि बैठकीत बोललेलं पुढे जातं तरी कसं?

प्रतिसाद १ (निवृत्त क्लार्क)
ताई, महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ मधला नियम ५ कर्मचाऱ्याने पक्षाचं सदस्य होऊ नये असं सांगतो, बायकोला बंदी नाही. घरच्यांनी सरकार उलथवणाऱ्या कारवायांत पडू नये एवढं बघणं त्यांच्यावर आहे, टेकडी वाचवा म्हणणं त्यात बसत नाही. फक्त मिस्टरांनी स्वतः बैठकीला येऊ नये आणि ते पोस्ट फॉरवर्डही करू नये.

प्रतिसाद २ (बावधन)
जायचं बंद करू नका हो. आमच्याकडे बीडीपीचं, म्हणजे टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, २३ गावांतल्या टेकड्या मिळून ९७८ हेक्टर, त्यासाठी मी तीन पक्षांच्या बैठकांना जाते आणि पहिल्याच वाक्यात सांगते की नागरिक म्हणून आलेय. उपरणं आलं की हात जोडून हातात घ्यायचं, गळ्यात नाही. तुमच्या फोटोचं म्हणाल तर त्या पक्षाच्या अध्यक्षांना दोन ओळींचं पत्र द्या, मी सदस्य नाही, मजकूर बदला, आणि त्याची प्रत स्वतःच टेकडीच्या ग्रुपवर टाका, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

पुढे जाण्याचं असं की नुसतं बोललेलं हवेत जातं. एका पानावर एकच मागणी लिहा, नगरसेवकाने मुख्य सभेत हा प्रश्न विचारावा अशी, खाली प्रभागातल्या सह्या. शिवाय पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेतात, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, टेकडीवरची पाणी मुरवायची कामं त्यात सुचवा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पत्र आत्ताच लिहिलं, सकाळी ग्रुपवर टाकते. पुढची बैठक रविवारी आहे, जाणार. त्या मुलाला काय सांगू ते मात्र अजून सुचवा, लॉ कॉलेज रोडला रोज अडकणारं कुणी आहे का इथे, बस वाढल्या तर तुम्ही गाडी घरी ठेवाल का? खरं उत्तर द्या, तेच तिथे सांगणार आहे.